सेवेचे मोल टाळ्यांनी फिटत नाही

रविवार दिनांक २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशभर लोक दारात, अंगणात व गच्चीवर उभे राहिले आणि टाळ्या, थाळ्या व घंटा वाजवून त्यांनी डॉक्टर, परिचारिका व इतर आरोग्यसेवकांचे आभार मानले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मास २०० वर्षे होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने तेच वर्ष परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केलेले होते. सन्मानाला कशाची उणीव नव्हती. परंतु करोनाच्या त्या दोन वर्षांत रुग्णालयांच्या भिंतीआड परिचारिकांना जी वागणूक मिळाली, ती आठवली म्हणजे मन खिन्न होते.

हा विषय आमच्या वाचकांना परका नाही. आपल्या गावोगावच्या ख्रिस्ती घरांतून कितीतरी मुली या व्यवसायात गेल्या आहेत. कोणाची लेक बेळगावास आहे, कोणाची मुंबईस, कोणाची सून आखातात. त्यांच्यावर व त्यांच्या बरोबरीच्या भगिनींवर काय बेतले, हे आपण जाणून घेतले पाहिजे. कारण उद्या दुसरी साथ येईल, तेव्हाही त्याच पुढे असतील.

खाटेजवळचे काम

डॉक्टर रुग्णास तपासतात, औषध लिहून देतात व पुढल्या खाटेकडे वळतात. परिचारिका मात्र आपली पाळी संपेपर्यंत त्याच दालनात असते. प्राणवायूची नळी सांभाळणे, सुई टोचणे, कूस बदलणे, मलमूत्र काढणे, घास भरवणे हे सारे तिचे काम. आप्तांना आत प्रवेश नसल्यामुळे कित्येक रुग्णांचे अखेरचे शब्दही तिच्याच कानी पडले. अंगावर संरक्षक पोशाख एकदा चढवला की तो उतरवीपर्यंत पाणी पिता येत नसे की लघवीस जाता येत नसे. घामाने अंग निथळत असे, मुखपट्टीचे वळ गालांवर उठत, आणि अडचणीच्या दिवसांतही यातून सुटका नसे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिचारिकांनी जून २०२० मध्ये निदर्शने केली, ती याच कारणासाठी. या पोशाखात सलग ४ तासांहून अधिक काम देऊ नये, ही त्यांची प्रमुख मागणी होती. देशातील अग्रगण्य सरकारी संस्थेत ही स्थिती, तर तालुक्याच्या गावच्या लहान इस्पितळात काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या खासगी रुग्णालयातील २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित झाले आणि ते रुग्णालयच बंद करण्याची पाळी आली. परिचारिकांची वेळीच तपासणी व विलगीकरण झाले नाही, अशी त्यांच्या संघटनेची तक्रार होती.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक या रोगाने मृत्यू पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पगार, बिऱ्हाड आणि भाषा

जिवावर उदार होऊन काम करणाऱ्याचा पगार तरी वेळेवर मिळावा! पण तेवढ्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. युद्धात सैनिकांना नाराज ठेवून चालत नाही, असे न्यायालयाने जून २०२० मध्ये सुनावले आणि डॉक्टर व आरोग्यसेवकांचे पगार वेळेवर देण्याविषयी राज्यांना आदेश द्यावेत, असे केंद्र सरकारला सांगितले. त्यानंतरही जुलैअखेर महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब व त्रिपुरा या चार राज्यांत पगार वेळेवर झालेले नाहीत, असे न्यायालयापुढे सांगण्यात आले. विलगीकरणात काढलेले दिवस रजेत धरून त्यांचा पगार कापला जातो, हीही तक्रार तेथे झाली. रुग्णसेवेत असता जो संसर्गाच्या छायेत आला, त्याच्या त्या दिवसांना रजा म्हणावे, हा न्याय कोणता?

ठेकेदारामार्फत नेमलेल्या परिचारिकांची दशा याहून बिकट. दालन तेच, रोग तोच, धोका तोच. पण कायम नेमणुकीच्या भगिनीस जे मिळते, ते हिला नाही. सिकंदराबादचे गांधी रुग्णालय हे त्या वेळी तेलंगणातील करोनाचे मुख्य रुग्णालय होते. तेथील अशा परिचारिकांनी जुलै २०२० मध्ये काम थांबवले, तेव्हा कोठे त्यांच्याकडे लक्ष गेले.

रुग्णालयाबाहेरही निवारा नव्हता. रोग घरात येईल या भीतीने अनेक घरमालकांनी परिचारिकांना बिऱ्हाड खाली करावयास सांगितले. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतील तीनशेहून अधिक परिचारिका राजीनामे देऊन गावी परतल्या. त्यांत मणिपूरसारख्या दूरच्या राज्यांतील मुलींचा भरणा मोठा होता. शेजाऱ्यांची अवहेलना व पगाराची अनिश्चितता, अशी दुहेरी कारणे त्यांनी सांगितली.

दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात तर जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने सर्वजण थकून गेलेले असता, परिचारिकांनी कामावर मल्याळम बोलू नये, असा हुकूम निघाला. देशभर टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. रुग्णापुढे रुग्णास समजेल ती भाषा बोलावी, हे योग्यच. पण दोन मैत्रिणींनी आपसातही मातृभाषेत बोलू नये, म्हणजे काय? आपल्या मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी जपणाऱ्या आमच्या वाचकांना हे दुःख निराळे समजावून सांगावयास नको.

जुनेच दुखणे

हे सारे करोनाने निर्माण केले, असे मात्र नव्हे. दुखणे जुने होते, साथीने ते उघडे पाडले. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने ठेवून घेणे, ठराविक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेणे आणि सोडू म्हटल्यास मोठी रक्कम मागणे, या प्रकारांविरुद्ध मुंबई, दिल्ली व केरळ येथील परिचारिका २०११-१२ सालीच रस्त्यावर आल्या होत्या. भारतीय परिचर्या परिषदेने २०११ मध्ये बंधपत्राच्या पद्धतीस मनाईही केली.

पुढे २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यास समिती नेमावयास सांगितले. समितीची शिफारस अशी होती : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, १०० हून अधिक खाटा असल्यास ते फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटा असल्यास फार तर २५ टक्के कमी असावे, आणि कोठेही ते दरमहा २०,००० रुपयांखाली नसावे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळात परिचारिकांनी एकजुटीने लढा दिला व २०१८ साली २०,००० रुपयांचे किमान वेतन मिळवले. जेथे एकजूट नव्हती, तेथे शिफारस बहुधा कागदावरच राहिली.

साथीच्या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. एप्रिलमध्ये १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत, व गंभीर इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु विमा मिळतो तो मृत्यूनंतर, आणि कायदा अडवतो तो हल्लेखोराचा हात. कचेरीतल्या टेबलावरून पगार, विश्रांती व प्रतिष्ठा यांवर जो घाव पडतो, त्याला या दोहोंत इलाज नाही.

आपण काय करावे?

प्रथम, मुलीस नोकरीवर पाठवताना नेमणुकीचे पत्र घरातल्या जाणत्या माणसाने नीट वाचावे. पगाराचा आकडा, कामाचे तास, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सारे लेखी असावे. नक्कल द्यावी, मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हाती ठेवू नये. कोऱ्या कागदावर वा बंधपत्रावर सही करू नये. परिचारिकांच्या संघटनेत नाव घालण्यास मुलीस आडकाठी करू नये. संघटना म्हणजे भांडखोरपणा, ही समजूत चुकीची आहे.

दुसरे, आपल्या गल्लीत कोणी परिचारिका भाड्याने राहत असेल, तर साथीच्या दिवसांत तिला घराबाहेर काढणे हे पाप आहे, हे एकमेकांस सांगावे.

तिसरे थोडे स्पष्ट बोलावे लागते. आपल्या धर्मभगिनींनी व मिशनच्या इस्पितळांनी केलेली रुग्णसेवा थोर आहे. पण सेवाव्रत घेणे ही ज्याची त्याची खुशी. पगारावर काम करणाऱ्या मुलीस ‘ही तर सेवा आहे’ असे सांगून तिचे वेतन कमी करणे, ही सेवा नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात हेच बजावले की, गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, म्हणून ती न्याय्य ठरत नाही. ही शिकवण खासगी रुग्णालयास लागू आहे, तशीच ती आपल्या स्वतःच्या संस्थांसही लागू आहे. संस्थेच्या कारभाऱ्यांना तसे विचारण्याचा हक्क प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबास आहे, आणि तो नम्रपणे पण निःसंकोचपणे बजावला पाहिजे.

परिचारिकेस आपण ‘सिस्टर’ म्हणतो, म्हणजे बहीण म्हणतो. बहिणीच्या घामाचा पैसा कोणी अडवून ठेवला, तर भाऊ गप्प बसत नाही.