विद्यापीठातील चित्रपटांचे खेळ : ओळख आणि कायदा

चित्रपट मंडळ : तिकीटविक्रीवर नव्हे, तर सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, चित्रपटाचे रसग्रहण व त्यावरील चर्चा यांस वाहिलेली संस्था. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ साली स्थापन केली; देशातील अशा मंडळांचा महासंघ १९५९ चा, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे.

सोळा मिलिमीटर : चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटर फीत पूर्वी ज्वालाग्राही नायट्रेटची असे व तिच्यासाठी अग्निरोधक कक्ष लागे, १९२३ मध्ये आलेली १६ मिलिमीटर फीत मात्र आरंभापासूनच सुरक्षित अ‍ॅसिटेटची असल्यामुळे महाविद्यालयाच्या साध्या सभागृहात, किंबहुना वर्गातही, खेळ लावणे शक्य झाले. ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चाले; ते बदलताना होणारा खोळंबा चर्चेच्या पथ्यावरच पडे.

कायदा : सार्वजनिक प्रदर्शनास १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते. स्वामित्वहक्काची बाब निराळी, आणि आयोजकांची गल्लत बहुधा इथेच होते. शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात दाखविलेल्या चित्रपटास, प्रेक्षक केवळ अध्यापक व कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी निगडित व्यक्ती असतील तर, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ मुभा देते. बाहेरच्या सर्वसाधारण जनतेस दरवाजा खुला केल्यास ती मुभा लागू होत नाही.

अध्यापन : पुण्याची चित्रपट संस्था १९६० ची, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे; कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग १९९३ मध्ये सुरू झाला.