परदेशातील मुलाचे विवरणपत्र आणि लालबागचे पासबुक

आखातात नोकरी केलेल्या माणसाला तेथे आयकराचे विवरणपत्र भरण्याची वेळ सहसा आलीच नाही. १९७३ साली तेलाचे भाव चढले. पुढच्या वर्षांत कोकणातील गावांतून आणि मुंबईतील चाळींतून सुतार, शिंपी, फिटर, ड्रायव्हर, स्वयंपाकी तिकडे गेले. हातात पडलेला पगार सगळाच आपला, ही सवय त्यांच्या घरांना लागली. आज त्यांच्यापैकी काही घरांतील मुले-नातवंडे अमेरिका, इंग्लंड, कॅनडात आहेत आणि तेथे हा जुना हिशेब चालत नाही. तेथील सरकार दर वर्षी विचारते की, जगात कोठे कोठे तुमची मिळकत झाली आणि कोणत्या देशात तुमची खाती आहेत? या प्रश्नाचे निम्मे उत्तर गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरातील कपाटात असते. म्हणून हा विषय जितका परदेशातील मुलाचा, तितकाच येथे गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांचाही आहे.

राहणे जेथे, हिशेब तेथे

बहुतेक मोठ्या देशांत नियम सारखाच आहे. माणूस करासाठी ज्या देशाचा रहिवासी ठरतो, त्या देशाला त्याने आपली जगभरची मिळकत दाखवायची. अमेरिका याही पुढे जाते. तिचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक कोठेही राहत असला, तरी त्याने विवरणपत्र भरायचे असते. एच-१बी व्हिसावर गेलेला तरुणही दिवसांच्या मोजणीने तेथील रहिवासी ठरला की, त्याच नियमात येतो.

आपल्याकडील मोठा गैरसमज एनआरई खात्याबद्दल आहे. या खात्यावरील व्याजाला भारतात कर नाही, हे खरे. पण ही सूट भारत सरकारची आहे आणि ती भारतापुरतीच आहे. अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा हे व्याज करपात्र धरतात. लालबागची खोली भाड्याने दिली असेल, तर ते भाडेही तेथे दाखवावे लागते, मग पैसे मुंबईतच राहिलेले असोत.

आपल्या अनेक घरांत बँकेचे व्याज स्वतःसाठी न वापरता गरजूंना देऊन टाकतात. त्यांची समजूत असते की, जे आपण घेतलेच नाही ते आपले उत्पन्न कसे? करखाते असे पाहत नाही. व्याज खात्यात जमा झाले की ते खातेदाराचे उत्पन्न, पुढे त्याने त्याचे काय केले हा वेगळा प्रश्न. मुलाने अमेरिकेतून थेट गावच्या मदरशाला किंवा दवाखान्याला देणगी दिली, तर तिची वजावटही तेथील विवरणपत्रात मिळत नाही. त्यासाठी सर्वसाधारणपणे संस्था अमेरिकेत नोंदलेली आणि मान्यता मिळालेली असावी लागते.

चार देश, तीन वर्षे

भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अमेरिका आणि कॅनडा जानेवारी ते डिसेंबर धरतात. अमेरिकेची विवरणपत्राची नेहमीची मुदत १५ एप्रिल, कॅनडाची ३० एप्रिल. इंग्लंडचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. १७५२ साली तेथे कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले गेले, त्याची ही खूण आजपर्यंत राहिली आहे. इंग्लंडमधील नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो, त्यामुळे अनेकांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. परंतु मुंबईतील करपात्र भाडे-व्याज सुरू झाले की, बहुधा नाव नोंदवून ते भरावे लागते. ऑनलाइन भरण्याची मुदत करवर्षानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत असते आणि उशीर झाल्यास सुरुवातीलाच १०० पौंड दंड होतो. परदेशी मिळकत इंग्लंडमध्ये आणली तरच कर, ही तेथील काही रहिवाशांना मिळणारी जुनी सवलतही एप्रिल २०२५ पासून बंद झाली. आधीची सलग १० वर्षे इंग्लंडचा रहिवासी नसलेल्या नव्या माणसाला पहिली ४ वर्षे परदेशी मिळकतीवर सूट मागता येते.

वर्षांच्या या फरकामुळे मुंबईच्या बँकेने दिलेला एप्रिल ते मार्चचा व्याजाचा दाखला अमेरिकेतील मुलाला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्याला जानेवारी ते डिसेंबरचे खातेउतारे लागतात. ते दर जानेवारीत काढून पाठवले, तर एप्रिलमध्ये धावपळ होत नाही.

नाव जोडण्यापूर्वी विचार करा

समजा, परळच्या एका फर्निचर कारागिराचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. वडिलांनी वयाचा विचार करून दुकानाच्या बचत खात्यावर मुलाचे नाव जोडले. खात्यात १५ लाख रुपये आहेत. पैसा सगळा वडिलांचा, मुलाने त्याला कधी हात लावलेला नाही. तरीही वर्षात कोणत्याही दिवशी मुलाच्या सर्व परदेशी खात्यांची बेरीज १० हजार डॉलरवर गेली, म्हणजे ढोबळपणे ९ लाख रुपयांच्या आसपास, तर त्याने अमेरिकेच्या वित्त खात्याकडे खात्यांचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्याला तेथे एफबार म्हणतात. जोडखाते असले किंवा फक्त सही करण्याचा अधिकार असला, तरी खाते मोजले जाते. या अहवालावर कर लागत नाही, ती केवळ माहिती आहे. पण ती दिली नाही तर दंड आहे.

हा दंड किती होऊ शकतो, हे रुमानियात जन्मलेले अमेरिकी नागरिक अलेक्झांड्रू बिटनर यांच्या खटल्यात दिसले. त्यांनी ५ वर्षांचे अहवाल वेळेवर दिले नव्हते. सरकारने प्रत्येक वर्षातील प्रत्येक खाते वेगळे मोजले, २७२ चुका धरल्या आणि २७ लाख २० हजार डॉलर दंड लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जाणूनबुजून न झालेल्या चुकीचा दंड अहवालागणिक मोजायचा, खात्यागणिक नाही. दंड ५० हजार डॉलरवर आला. तो एवढा उतरला तरी सामान्य नोकरदाराला ही रक्कम जड आहे.

ही माहिती तिकडे कळणार कशी, असे कोणी विचारील. भारत आणि अमेरिका यांनी जुलै २०१५ मध्ये करार केला. त्यानुसार येथील बँका अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला देतात आणि तेथून ती अमेरिकेला जाते. इंग्लंड, कॅनडा आणि इतर अनेक देशांशीही अशीच देवाणघेवाण चालू आहे. बँक खातेदाराकडून 'आपण कोणत्या देशाचे करदाते' असा फॉर्म भरून घेते, तो याचसाठी.

वडिलांच्या पश्चात पैसे अडकू नयेत एवढाच हेतू असेल, तर मुलाला जोडखातेदार करण्याऐवजी नॉमिनी करावे. नॉमिनी खात्याचा धनी नसतो, म्हणून वडिलांच्या हयातीत त्याला ते खाते अहवालात दाखवावे लागत नाही. नॉमिनी झाल्याने इतर वारसांचा हिस्साही बुडत नाही.

दोनदा कर टळतो, पण कागदावर

एकाच मिळकतीवर दोन देशांनी कर घेऊ नये यासाठी भारताचे अमेरिकेशी १९८९ मध्ये आणि इंग्लंडशी १९९३ मध्ये करार झाले. अनिवासी माणसाच्या एनआरओ खात्यावरील व्याजातून भारतात साधारण ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. परदेशातील करखात्याचा रहिवासाचा दाखला बँकेला वेळेवर दिला, तर या दोन्ही करारांनुसार ठेवीच्या व्याजावर बहुधा १५ टक्केच कापता येतात. येथे भरलेल्या कराचे श्रेय मुलाला तिकडे मागता येते, मात्र कापलेल्या कराचा पुरावा हवा.

खोली किंवा गाळा विकताना जुने कागद आणखी मोलाचे ठरतात. वारशाने आलेल्या मिळकतीचा नफा मोजताना भारतात पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत, आणि मिळकत १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवसाचे मूल्य धरता येते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये साधारणपणे मृत्यूच्या दिवसाचे मूल्य धरतात. म्हणून घरातील माणूस गेल्यावर, वाटणी लांबली तरी, नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेचे मूल्यांकन करून घ्यावे. अमेरिकेतील मुलाला येथून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा अधिक वारसा किंवा बक्षीस मिळाले, तर त्याला कर लागत नाही, पण तेथे वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आखातही बदलते आहे

संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आजही आयकर नाही. मात्र जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला आणि जून २०२३ पासून व्यवसायाच्या ३,७५,००० दिरहमवरील नफ्यावर ९ टक्के कर सुरू झाला. शारजा-अजमानमध्ये स्वतःच्या नावावर धंदा चालवणाऱ्याची वर्षाची उलाढाल १० लाख दिरहमवर गेली, तर तोही या करात येतो. सौदी अरेबियाने जुलै २०२० मध्ये व्हॅट १५ टक्क्यांवर नेला. ओमानने २०२५ मध्ये आयकराचा कायदा केला असून, वर्षाला ४२,००० रियालवरील उत्पन्नावर जानेवारी २०२८ पासून ५ टक्के कर लावण्याचे ठरवले आहे. बहुतेक कामगारांचा पगार या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, पण आखाती देशांतील हा पहिलाच वैयक्तिक आयकर असेल.

ज्यांचे जुने अहवाल राहून गेले आहेत त्यांनी सरकारची नोटीस येण्याची वाट पाहू नये. हेतुपुरस्सर लपवाछपवी नसेल, तर अमेरिकेत मागील ३ वर्षांची विवरणपत्रे आणि ६ वर्षांचे खातेअहवाल देऊन कमी दंडात मोकळे होण्याची योजना आहे. इंग्लंडमध्येही परदेशी मिळकत आपणहून उघड करण्याची सोय आहे. यासाठी सल्लागार त्या देशाचा असावा. मुंबईतील सनदी लेखापाल भारताची बाजू सांभाळील, तिकडच्या फॉर्मवर त्याच्या भरवशावर सही करू नये.

येथील घराने एक जाड फाइल करावी. तिच्यात खात्यांचे उतारे, व्याजाचे दाखले, कर कापल्याचे पुरावे, भाडेकरार, खरेदीखत, मृत्यूचा दाखला आणि मूल्यांकन ठेवावे, आणि त्यांच्या प्रती मुलाकडे पाठवाव्यात. दुकानाची वही जसे आपण रोज लिहितो, तशी ही फाइल वर्षातून एकदा, जानेवारीत, उघडून पुरी करावी.