टवका उडाला की
(लेखमाला : मातीचं देणं, लेखांक ७)

लोणच्याच्या बरणीला आपण बिनदिक्कत ‘चिनी माती’ म्हणतो. बरणी कुठल्या गावची, हे कुणी विचारत नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी सतराव्या शतकात हेच केलं, फक्त जाणूनबुजून. १६५३ मध्ये तिथे निघालेल्या एका कारखान्याचं नाव ‘पोर्सेलीनची बाटली’. पोर्सेलीन म्हणजे अस्सल चिनी माती, आणि आत ती औषधालाही नव्हती!

मागच्या लेखात आपण चीनमधल्या चिंगडेचेनच्या भट्ट्यांपाशी थांबलो होतो. तिथला निळा-पांढरा माल आधी पोर्तुगीजांच्या हाती होता. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सान्ता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं आणि पुढे लुटीचा अॅमस्टरडॅममध्ये लिलाव केला. श्रीमंतांना या भांड्यांची चटक लागली. मग डच ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच माल आणू लागली. (हिचीच वखार वेंगुर्ल्यात आजही पडक्या भिंतींनिशी उभी आहे.) १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमध्ये यादवी माजली आणि पुढच्या काही वर्षांत माल आटला. गिऱ्हाईक दारात, दुकान रिकामं. डेल्फ्टमधले बिअरचे कारखाने तेव्हा एकेक करून बंद पडत होते. त्या ओस इमारतींत कुंभारांनी भट्ट्या लावल्या.

अडचण मातीची होती. पोर्सेलीनला लागणारी पांढरी केओलिन माती आणि ती भाजायची रीत, दोन्ही युरोपला ठाऊक नव्हतं. मग पिवळट मातीचं भांडं एकदा भाजायचं आणि कथील घातलेल्या पांढऱ्या झिलईत बुडवायचं. वाळल्यावर वर पिठासारखा थर बसतो, चित्र काढायचं ते त्यावर. आपल्याकडे कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, अगदी तसंच : टोचलेला कागद भांड्यावर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची, की पॅगोडे आणि फुलं ठिपक्यांत उमटतात. त्यावरून कोबाल्टची रेघ. पण तो कोरडा थर रंग क्षणात पिऊन टाकतो. चुकलं तर पुसायची सोय नाही. शेवटी वरून शिशाची पारदर्शक झिलई शिंपडून पुन्हा भट्टीत. चिनी भांड्याची ओली चकाकी येते ती या शेवटच्या हातामुळे. मला तर खरी कारागिरी इथेच दिसते, चित्रांपेक्षाही.

सोंग उघडं पडतं ते कडेला. पोर्सेलीनचा टवका उडाला तरी आत पांढरंच असतं. डेल्फ्टच्या ताटलीची कड मात्र भिंतीच्या चुन्यासारखी पोपडे धरते आणि खालून बिस्किटाच्या रंगाची माती डोकावते. जुन्या ताटल्यांच्या कडा म्हणूनच कुरतडल्यासारख्या दिसतात. उंदरांना उगाच दोष नको!

पुढे १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसेनला खऱ्या पोर्सेलीनचा कारखाना निघाला, नंतर इंग्लंडची स्वस्त, टिकाऊ भांडी आली आणि डेल्फ्टच्या भट्ट्या विझत गेल्या. ‘पोर्सेलीनची बाटली’ तेवढी तगली.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. डेल्फ्टची काही भांडी जपानपर्यंत पोचली आणि तिथल्या चहाच्या दर्दी मंडळींना आवडली. एवढी, की क्योतोचा नामांकित कुंभार ओगाता केन्झान याने डेल्फ्टच्या घाटाची भांडी घडवली. नकलेची नक्कल, आणि तीही चीनच्या शेजारी बसून.