फोटोबाहेरची गोळी

छापील शिकारकथेत गोळी एकच सुटते आणि जनावर जागीच कोसळते. जुन्या शिकाऱ्यांच्या खासगी बैठकीत मात्र पहिला प्रश्न असतो, "लागली कुठं?" फऱ्यामागे म्हटले की माना डोलतात. पोटात म्हटले की कुणीतरी विषय बदलतो. त्या जनावराचे पुढे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला आणि त्यातून टेडी बेअर जन्मला, हे झाले जाहीर. पण अस्वल बांधले गेलेच कसे? वाटाड्या होल्ट कोलियर गुलामगिरीत जन्मलेला, अस्वलांच्या शिकारीत भल्याभल्यांचा गुरू. त्याने राष्ट्राध्यक्षांना मोक्याच्या जागी उभे केले, कुत्र्यांनी अस्वल उठवले. पण तोवर राष्ट्राध्यक्ष ताटकळून जेवायला तळावर निघून गेले होते. अस्वल कुत्र्यांच्या जिवावर उठलेले, आणि गोळी घालावी तर पाहुण्याची शिकार हातची जायची. कोलियरने बंदुकीचा दस्ता अस्वलाच्या डोक्यात हाणला, दोर टाकला, झाडाला बांधले आणि निरोप धाडला. रूझवेल्ट आले, पाहिले, नाही म्हणाले. व्यंगचित्रकार क्लिफर्ड बेरीमनने तेवढेच चितारले. अस्वलाचे हाल संपवा, असेही रूझवेल्ट यांनी सांगितले होते आणि ते काम सुरीने झाले. खेळण्यांच्या दुकानात अस्वल मिळते. सुरी ठेवत नाहीत.

हेच गृहस्थ १९०९ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयासाठी मुलाला घेऊन आफ्रिकेत गेले. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरे टिपली. एकालाही बांधले नव्हते, हे मान्य करायला हवे.

आफ्रिकेतच 'कारामोजो' बेल नावाचा स्कॉटिश शिकारी हजारावर हत्ती मारून गेला, तेही बऱ्याचदा ७ मिलिमीटरच्या किरकोळ वाटणाऱ्या रायफलने. जाडजूड नळीवाल्यांचा त्यावरून जळफळाट होई. बेलचे गुपित बंदुकीत नव्हते. त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवले होते. नक्कल करणाऱ्यांनी रायफल तेवढी विकत घेतली.

आणि आपले जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण त्यांनी मारली, हे शाळकरी पोरेही सांगतील. हाक्याच्या वेळी त्यांच्याकडे तीनच काडतुसे होती, हे कमी जण सांगतात. तिन्ही संपली, वाघीण समोर उभी. कॉर्बेट धावत हाक्याला सोबत आलेल्या तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची बंदूक उचलली. तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांत चक्क फट होती. ती आपल्याच तोंडावर फुटायची शक्यता वाघिणीइतकीच दाट. नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. आधीच्या जखमांनी वाघीण आडवी झाली आणि तहसीलदारांच्या बंदुकीची अब्रू वाचली.

खरी गोष्ट नंतर निघाली. वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कुणाची तरी जुनी गोळी. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटनी लिहून ठेवले आहे. तिच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले. ती पहिली गोळी झाडणारा सद्गृहस्थ मात्र कधीच पुढे आला नाही.