न भरणारी जखम आणि ‘तुकड्या’ची धास्ती

कवळी टोचते म्हणून गालाच्या आत चट्टा पडला, असे समजून आपण महिनोन्‌महिने मलम लावत राहता. कवळी दुरुस्त करून घेतल्यावर, टोकदार दात घासून घेतल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दंतवैद्यांना दाखवावीच. ‘दुखत नाही’ ही सबब नव्हे. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

कवळी काढूनच तोंड तपासले जाते. डॉक्टर जीभ कापडाने धरून बाजूला ओढतात, कारण तिच्या कडा आणि तिच्याखालचा भाग एरवी नीट दिसत नाही. मग चट्टा बोटांनी चाचपून तो कठीण लागतो का, मानेत गाठ आहे का, हे पाहतात. तंबाखू, मिश्री, सुपारीबद्दल विचारतील. सुनेसमोर संकोच वाटला तरी खरे सांगावे.

शंका उरली, तर बायॉप्सी. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज घरोघरी आहे; वास्तविक या भीतीपायी गेलेले महिनेच रुग्णाला महागात पडतात. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा, लगतच्या निरोगी भागासह, लहानसा तुकडा घेतात. मध्यभागी पुष्कळदा मृत पेशीच हाती लागतात. एखाददुसरा टाका पडतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत जातो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगाव्यात, परस्पर बंद करू नयेत. त्या दिवशी मऊ, निवालेले अन्न द्यावे. खळखळून चुळा नकोत. अहवालात काही निघाले नाही आणि जखम मात्र तशीच राहिली, तर पुन्हा दाखवावे. कधी दुसऱ्या जागेचा तुकडा घ्यावा लागतो.