नोंदवही आणि खतावणी : मारेगावातून पाहिलेले जैवविविधतेचे अर्थनियोजन

देशातील जैवविविधता टिकवण्यासाठी दरवर्षी किती पैसा लागेल, त्यांपैकी किती प्रत्यक्षात खर्च होतो आणि उरलेली तूट कोणत्या मार्गाने भरून काढायची, या तीन प्रश्नांची शास्त्रशुद्ध उत्तरे शोधण्याच्या विद्येला जैवविविधतेचे अर्थनियोजन म्हणता येईल. जंगल, माती, पाणी, पिकांचे गावरान वाण आणि पाळीव जनावरांच्या देशी जाती यांचे रक्षण हा आजवर प्रामुख्याने भावनेचा, कायद्याचा किंवा फार तर वनस्पतिशास्त्राचा विषय मानला गेला. त्याला अंदाजपत्रक असते, लेखाशीर्ष असते आणि तूटही असते, ही जाणीव गेल्या पंधरा वर्षांतली आहे. ही विद्या दिल्ली, चेन्नई आणि देहरादून येथील संस्थांमध्ये वाढली असली, तरी तिची खरी कसोटी यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यात लागते, कारण संवर्धनासाठी काय लागते याची माहिती अशा तालुक्यांतील गावांकडेच असते आणि पैसा मात्र दुसऱ्याच कागदांवरून फिरत असतो.

जागतिक करारापासून राष्ट्रीय आकड्यापर्यंत

१९९२ साली रिओ येथे झालेल्या वसुंधरा परिषदेत जैवविविधता करार स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच्या विसाव्या कलमात विकसित देशांनी विकसनशील देशांना नवे व वाढीव आर्थिक साहाय्य द्यावे, असे बंधन घातले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे या कराराच्या सदस्य राष्ट्रांनी जो आराखडा मान्य केला, त्यात २०३० पर्यंत सर्व स्रोतांतून दरवर्षी किमान २०० अब्ज डॉलर उभे करावेत आणि निसर्गाला हानी पोहोचवणारी अनुदाने वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करावीत, अशी दोन उद्दिष्टे आहेत. दुसरे उद्दिष्ट अधिक बोलके आहे. संवर्धनावर एक रुपया घालायचा आणि त्याच शिवारात निसर्ग बिघडवणाऱ्या गोष्टींवर दोन रुपये सवलत द्यायची, तर पहिला रुपया वाया जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या शेतीत माणसाचा जीव जातो, तिथे मधमाशी, बेडूक आणि मातीतील सूक्ष्मजीव यांचे काय होत असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदात मांडला जात नाही.

भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे आपला सुधारित राष्ट्रीय जैवविविधता आराखडा सादर केला. त्यात २३ राष्ट्रीय उद्दिष्टे आहेत आणि २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांतील सरासरी वार्षिक खर्च सुमारे ३२,२०० कोटी रुपये, तर २०२४-२५ ते २०२९-३० या काळातील सरासरी वार्षिक गरज सुमारे ८१,६६५ कोटी रुपये धरलेली आहे. म्हणजे जेवढे खर्च होत आले, त्याच्या अडीचपट पैसा लागणार आहे.

मोजणीची रीत

हे आकडे ज्या पद्धतीने येतात, ती समजून घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१२ मध्ये ‘बायोफिन’ या नावाने जैवविविधता वित्त उपक्रम सुरू केला. भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणामार्फत तो राबवला गेला. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि नवी दिल्लीची राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली, आणि राज्य पातळीवरील प्रयोगासाठी महाराष्ट्राची निवड झाली. या पद्धतीच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. आधी कोणते कायदे, धोरणे आणि संस्था निसर्गावर बरा-वाईट परिणाम घडवतात हे तपासायचे, मग सध्याचा खर्च मोजायचा, त्यानंतर उद्दिष्टे गाठण्याची गरज काढायची आणि शेवटी ही तूट भरून काढण्याचे मार्ग ठरवायचे.

यांपैकी खर्च मोजण्याची पायरी सर्वांत कौशल्याची आहे. शासनाच्या हिशेबात २४०६ हे लेखाशीर्ष ‘वनीकरण व वन्यजीवन’ यासाठी आणि २४०२ हे ‘मृद व जलसंधारण’ यासाठी असते. लेखाशीर्ष म्हणजे जमाखर्चात खर्चाला दिलेला ठरावीक कप्पा. अभयारण्यातील पाणवठ्यावर झालेला खर्च पूर्णपणे जैवविविधतेचा मानता येतो. शेतकऱ्यांसाठी बांधलेल्या सिमेंट बंधाऱ्याचा किती भाग तसा मानायचा, हे मात्र त्या बंधाऱ्यामुळे नाल्यातील मासे टिकले की अडले, काठावरची झाडे राहिली की तोडली गेली, यावर ठरते. प्रत्येक योजनेला अशी टक्केवारी लावण्यासाठी परिसंस्थेची जाण आणि अंदाजपत्रकाची जाण एकाच माणसात, निदान एकाच खोलीत असावी लागते. मोजणीची व्याप्ती बदलली की आकडा किती बदलतो, याचे उदाहरण समोरच आहे: २०१८ साली भारताने कराराला सादर केलेल्या सहाव्या राष्ट्रीय अहवालात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून वार्षिक खर्च सुमारे ७०,००० कोटी आणि गरज सुमारे १,०९,००० कोटी रुपये सांगितली होती. म्हणून राष्ट्रीय आकड्याकडे पाहताना त्यात काय धरले आणि काय वगळले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

मारेगावची स्थिती

मारेगाव तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. काळ्या मातीत पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर, तर डोंगराळ पट्ट्यात सागाचे पानझडी जंगल असे त्याचे रूप आहे. त्याचे जंगल पांढरकवडा वनविभागात मोडते. याच परिसरात १४८.६३ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे, तेथे वाघांची संख्या वाढल्याने तरुण वाघ नव्या जागेच्या शोधात बाहेर पडतात आणि त्यांच्या वाटा शेतांतून, झुडपी जंगलांतून, नाल्यांच्या काठाने जातात. शेजारच्या वणी तालुक्यात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. तालुक्यात गोंड, परधान आणि कोलाम हे समाज राहतात. कोलाम हा विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असून त्याची वस्ती ‘पोड’ या नावाने ओळखली जाते. तालुक्यातील काही गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात, त्यामुळे तेथे पेसा कायदा लागू आहे, म्हणजे ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबाबत विशेष अधिकार आहेत.

एकाच तालुक्यात वाघांची वाट, खाणींचे शेजारपण, कापसावर भर असलेली शेती आणि जंगलावर जगणारे समाज एकत्र येत असल्यामुळे जैवविविधतेच्या अर्थनियोजनातील बहुतेक सर्व प्रश्न येथे हाताशी सापडतात.

पैशाचे कप्पे

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. नोंदवही म्हणजे गावाच्या हद्दीतील पिके, जनावरे, वनस्पती, मासे, पक्षी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांचा दस्तऐवज. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यानंतर या कामाला वेग आला आणि महाराष्ट्रात अशा २८ हजारांहून अधिक समित्या कागदावर स्थापन झाल्या. याच अधिनियमात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. जैविक संसाधने व्यापारासाठी वापरणाऱ्या कंपन्यांकडून घेतलेल्या लाभाचा वाटा त्यात यावा, ही मूळ कल्पना. २०१४ च्या नियमावलीत या रकमेचा ९५ टक्के भाग स्थानिक समित्यांसाठी व हक्कदारांसाठी ठेवला होता, आणि देशी कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागतो, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. तथापि कोणती वनस्पती नेमकी कोणत्या गावातून गेली हे सिद्ध झाल्याशिवाय पैसा त्या गावापर्यंत पोहोचत नाही. बाजारात जाणाऱ्या गाठोड्यावर गावाचे नाव नसते, आणि ते नाव जोडण्याचे एकमेव साधन असलेली नोंदवही बहुतेक ठिकाणी कपाटात असते.

दुसरा कप्पा प्रतिपूरक वनीकरण निधीचा, म्हणजे ‘कॅम्पा’चा. वनजमीन खाण, रस्ता किंवा धरणाला दिली की वापर करणाऱ्याने भरपाई भरायची, हा त्यामागचा नियम आहे. २०१६ च्या कायद्याने या निधीचा ९० टक्के भाग राज्यांना दिला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांकडे ४७,४३६ कोटी रुपये वर्ग केले. तिसरा कप्पा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम या न्यासात भरावी लागते आणि पर्यावरण संरक्षण हा त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. चौथा कप्पा पेसाचा: २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी पेसा गावांना थेट मिळतो आणि वनीकरण, वन्यजीव संवर्धन, वनतळी व वन उपजीविका हा त्याच्या चार ठरलेल्या विषयांपैकी एक आहे. शिवाय रोजगार हमीची कामे आहेत, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे, आणि राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केलेला १७२.३९ कोटी रुपयांचा महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प आहे, ज्याच्या सात विषयांत सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रांचे व्यवस्थापनही येते.

याहून मोठा, पण क्वचित चर्चिला जाणारा प्रवाह वित्त आयोगाचा आहे. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने वने व पर्यावरणासाठी तो १० टक्के केला. जंगल राखल्याबद्दल राज्याला अधिक वाटा मिळतो, हे तत्त्व मोलाचे आहे. परंतु ही रक्कम जंगलावरच खर्च करण्याचे बंधन राज्यावर नाही, आणि ज्या गावांनी ते जंगल राखले त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणारी वाटही नाही.

मोहाखालची आग

ही सारी चर्चा एका झाडाखाली आणून पाहिली की तिचे मर्म कळते. विदर्भाच्या जंगलात चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. वाळलेल्या पानांत ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. वारा सुटला की ही आग कूपकाटी ओलांडून जंगलात शिरते; सागाची रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव आणि पुढच्या पावसाळ्यात उगवणाऱ्या गवताचे बी तिच्यात जळून जाते. वेचणाऱ्या बाईवर दंड बसवून हा प्रश्न सुटत नाही, कारण ती फुले तिच्या घरच्या उन्हाळ्याची शिदोरी असतात. झाडाखाली जाळी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतात, माती लागत नसल्याने भावही बरा येतो, आणि आग लावण्याचे कारणच उरत नाही.

अशा वेळी अर्थनियोजनाचा तज्ज्ञ पुढील क्रमाने विचार करतो. नोंदवहीवरून गावातील मोहाच्या झाडांची संख्या आणि वेचणाऱ्या कुटुंबांची संख्या काढायची. जाळीची किंमत आणि ती किती हंगाम टिकते हे धरून दरवर्षीचा खर्च ठरवायचा. त्यात उन्हाळ्यातील जाळरेषा आणि आग पहारेकऱ्यांची मजुरी मिळवायची. दुसऱ्या बाजूला आग विझवण्याचा वाचलेला खर्च आणि फुलांच्या भावातील वाढ मांडायची. मग या अंदाजपत्रकाचे तुकडे योग्य कप्प्यांत टाकायचे: जाळ्यांचा खर्च वन उपजीविका म्हणून पेसाच्या निधीतून, जाळरेषांचा खर्च आग प्रतिबंधाला मुभा असलेल्या कॅम्पातून, आणि खाणबाधित गाव असेल तर उरलेला भाग खनिज प्रतिष्ठानातून. तीन कार्यालयांत तीन प्रस्ताव जातात, पण गावात काम एकच होते. हे काम अवघड नाही. मात्र ते कोणाच्याही नेमणुकीच्या आदेशात लिहिलेले नाही.

वाघाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास महाराष्ट्र शासन २५ लाख रुपये देते. ही भरपाई देणे योग्यच आहे. परंतु ती नुकसान झाल्यानंतरचा खर्च आहे. वाघाच्या वाटेवरील नाल्याकाठची झाडी राखणे, गोठे बंदिस्त करणे, संध्याकाळी वावरातून परतणाऱ्यांना सावध करणाऱ्या गावपथकांना मानधन देणे हा आधीचा खर्च आहे. दोन्ही खर्च एकाच ताळेबंदात शेजारी मांडले गेले, तर कोणता रुपया किती जीव वाचवतो हे जिल्ह्याच्या नियोजनकर्त्यांना दिसू लागेल.

कमतरता कशाची

यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. पैसा अपुरा आहे हे खरे, पण तो मागण्याची, मोजण्याची आणि जोडण्याची तज्ज्ञता त्याहून अपुरी आहे. ग्रामपंचायतीचा सचिवच बहुधा जैवविविधता समितीचे काम पाहतो आणि घरकुलापासून नळयोजनेपर्यंतची सारी कामेही त्याच्याच टेबलावर असतात. नोंदवही एकदा बाहेरच्या संस्थेकडून भरून घेतली की ती पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही, कारण वार्षिक ग्रामपंचायत विकास आराखड्यात तिच्यातील एकही ओळ खर्चाची बाब म्हणून उतरत नाही.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, जिल्हा नियोजन समितीजवळ जैवविविधतेचे अर्थनियोजन करणारा छोटा पण कायमस्वरूपी गट, ज्यात एक परिसंस्थेचा अभ्यासक, एक लेखाज्ञ आणि वनहक्क व पेसा जाणणारा एक माणूस असेल. दुसरी, तालुक्याच्या पातळीवर ग्रामसभांमधूनच निवडलेल्या तरुण-तरुणींना अंदाजपत्रक, लेखाशीर्षे आणि प्रस्तावलेखन यांचे शिक्षण. पोडावरच्या मुलीला मोहाचे झाड ओळखायला शिकवावे लागत नाही, तिला फक्त त्या झाडाचा हिशेब शासनाच्या भाषेत मांडायला शिकवावे लागते. तिसरी, नोंदवहीतील प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीपुढे धोका, उपाय, खर्च आणि संभाव्य निधी असे चार रकाने जोडण्याची सक्ती. एवढे झाले तर राष्ट्रीय गरजेचा आकडा गावागावांतून वर चढत जाईल आणि त्याच्या प्रत्येक रुपयामागे एखाद्या शिवाराचे नाव असेल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी विदर्भातले व्यापारी आजही नव्या वह्यांची पूजा करतात, त्या वहीतील पहिल्या पानावर हळदकुंकू वाहतात आणि मग वर्षभराचा जमाखर्च त्या खतावणीत सुरू होतो. पूजेनंतर ती वही कपाटात ठेवून द्यावी, असे कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात येत नाही. रोज उघडली जाते म्हणूनच ती पूजनीय असते. मारेगाव तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असलेली जैवविविधतेची नोंदवही हीसुद्धा गावाच्या खऱ्याखुऱ्या संपत्तीची वही आहे, आणि तिच्या मोहाच्या पानावर पुढच्या चैत्रापूर्वी जाळ्यांचा खर्च लिहिला जावा, एवढी साधी सुरुवात करायला कोणत्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही.