कुकडीकाठची राख
(द्वितीय वर्ष कला)

येरवडा म्हटले की बहुतेकांना तुरुंग आठवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार तर १९३२ चा पुणे करार आठवेल. परंतु याच येरवड्यात डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे, आणि राजा, लिपी, शेती यांपैकी काहीच नव्हते अशा काळाचा अभ्यास तेथे अनेक दशके चालत आला आहे. १९३९ साली ही संस्था संशोधनासाठी पुन्हा सुरू झाली, तेव्हा डॉ. ह. धी. सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून आले. गोदावरी-प्रवरेच्या काठाने हिंडून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्राच्या अश्मयुगाचा पुरावा जमवला. नाशिकजवळचे गंगापूर आणि प्रवराकाठचे नेवासे ही नावे त्यामुळेच जगाच्या अभ्यासकांना ठाऊक झाली.

लिखित साधन नाही, दंतकथाही नाही, मग लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी हे लोक बोलतात तरी कशाच्या आधारावर? असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील एका गावाच्या उदाहरणाने देता येते. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीने कापलेल्या काठात फिकट रंगाच्या राखेचा एक थर आहे, आणि त्याच्याशी निगडित खडीच्या थरांतून दगडी हत्यारे मिळाली आहेत.

प्रथम हत्यार कसे ओळखतात ते पाहू. नदीत आपटून फुटलेल्या गोट्याच्या कडा कशाही असतात. माणूस मात्र दगडाच्या कडेवर नेमका घाव घालतो. त्या घावाने छिलका निघतो आणि छिलक्यावर घावाच्या जागी किंचित फुगवटा राहतो. एखादा छिलका योगायोगानेही निघू शकतो. पण दोन्ही बाजूंनी क्रमाने छिलके काढून दगडाला बदामासारखा आकार दिलेला असेल, आणि असे अनेक दगड एकत्र सापडत असतील, तर तेथे योगायोग संपतो आणि माणूस सुरू होतो. अशा हत्याराला हातकुऱ्हाड म्हणतात.

परंतु हातकुऱ्हाड स्वतःचे वय सांगत नाही. ती ज्या काळ्या पाषाणाची आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा दगडाच्या वयाचा येथे उपयोग नाही. वय सांगतो तो थर. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा. राखेखाली न विस्कटलेल्या थरात हत्यार असेल तर ते राखेहून जुने. वर असेल तर नंतरचे, मात्र ते दुसरीकडून वाहून आलेले नसले पाहिजे. म्हणजे प्रश्न उरतो तो राखेच्या वयाचा.

कार्बन-१४ ची पद्धत आपल्याला ऐकून माहीत असते. घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीला ती लागू पडते. कारण तेथे कोळसा आणि जळके धान्य मिळते. पण सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे या पद्धतीचा उपयोग होत नाही. बोरीला दुसरे घड्याळ हवे.

हे घड्याळ पोटॅशियमचे. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत रूपांतरित होतो. ज्वालामुखीतील वितळलेल्या रसातून जुना आर्गॉन निघून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येते. रस थिजला की नवा आर्गॉन आत साठू लागतो. किती साठला हे मोजले की उद्रेकाचे वर्ष कळते. या पद्धतीने १९८० च्या दशकात बोरीच्या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. पुढे याच तत्त्वावरच्या सुधारित आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने १९९५ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे असे वय प्रसिद्ध झाले. दुसऱ्या संशोधकांनी राखेच्या काचकणांचे रासायनिक पृथक्करण करून सांगितले की, ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असून तिचे वय सुमारे ७५ हजार वर्षे आहे. टोबा येथून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहे!

एकाच राखेची ही तीन वये पाहून हे सारे शास्त्र अंदाजपंचे आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः फरक का पडतो याचीही कारणे शास्त्रच देते. राख उडून आली, पण पुढे नदीने ती वाहून नेली असेल तर तिच्यात आपल्या सह्याद्रीच्या दगडाचे कण मिसळणार. नमुन्यातील पोटॅशियमपैकी शंभरातला एकच भाग जरी या साडेसहा कोटी वर्षे जुन्या दगडाचा असला, तरी मोजलेले वय सुमारे साडेसहा लाख वर्षांनी वाढते. दोन भाग असले तर तेरा लाखांनी. उलट बाजूही आहे. टोबाचा महाउद्रेक एकदाच झाला नाही; सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीही एक झाला होता. त्यामुळे राख टोबाची ठरली तरी ती कोणत्या उद्रेकाची, हे वेगळे सिद्ध करावे लागते. शिवाय ती ७५ हजार वर्षांचीच मानली, तरी तिच्याखालची हत्यारे तेवढीच जुनी असे होत नाही. ती निदान तेवढी जुनी, एवढेच म्हणता येते.

तमिळनाडूतील अत्तिरम्पक्कम येथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धती वापरून तेथील हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये दाखवले. त्यामुळे भारतात इतका जुना माणूस असणे शक्य नाही, हा आक्षेप मागे पडला. पण तमिळनाडूच्या पुराव्याने बोरीचे वय सिद्ध होत नाही. प्रत्येक जागेचा हिशोब त्या जागेच्या मातीतच मिटवावा लागतो.

आणि ती मातीच आज धोक्यात आहे. नद्यांच्या काठी वाळूचा उपसा होतो, मुरूम उकरला जातो, विटांसाठी पोयटा काढला जातो. यंत्राने थर उलथले की हातकुऱ्हाड तशीच राहते, पण तिचे वय कायमचे हरवते. मग ती संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू उरते, पुरावा उरत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. चार पिढ्यांमागची नावेही घरात कोणाला सांगता येत नाहीत. लिहिणाऱ्यांचाच इतिहास असतो असे मानले तर आपल्या वाट्याला काहीच येत नाही. पुरातत्त्व मात्र घडलेल्या दगडावरून, विझलेल्या चुलीवरून, मातीच्या थरावरून माणसाविषयी बोलते. त्याला नाव होते की नाही हे विचारत नाही. म्हणून हा विषय केवळ पदवीपुरता नाही, असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयात घोड, कुकडी, भीमा यांच्या काठच्या गावांतून अनेक विद्यार्थी येतात. सुट्टीत गावी गेल्यावर नदीच्या कापलेल्या काठात असा घडवलेला दगड दिसला तर तो उपटून आणू नये. जागा, थर, खोली यांची वहीत नोंद करावी, जमल्यास छायाचित्र घ्यावे आणि जाणकारांना कळवावे. दगड खिशात घालणे सोपे आहे, पण त्याची जागा एकदा मोडली की पुन्हा जुळवता येत नाही.